श्वेतकपिलेला लिटरात मोजू नका

प्रति,
गोव्यातल्या गुराढोरांचं धोरण ठरवणारे मंत्री, अधिकारी, दूध संस्थांचे संचालक आणि पंचायतींचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावठी गाईला २०२० मध्ये 'श्वेतकपिला' या नावानं स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जुन्या गोव्यात एला इथं असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिची मोजमापं घेतली आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिला देशाच्या यादीत जागा दिली. वर्तमानपत्रांत फोटो आले. सत्तरी तालुक्यात ज्यांच्या गोठ्यात ती आजोबा-पणजोबांपासून बांधलेली आहे, त्या आम्हीही ते कौतुकानं वाचलं. त्यानंतर आमच्या गोठ्यात काय बदललं, असं कुणी विचारलं तर उत्तर एका शब्दाचं आहे : काहीच नाही.

हे पत्र तक्रारीचंच आहे, पण ती कुणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. माझं भांडण मापाशी आहे. गोव्यात गाईसाठी पैसा जिथून जिथून येतो, तिथं तिथं गाय लिटरात मोजली जाते. प्रोत्साहन मिळतं ते दूध संस्थेत घातलेल्या दुधावर. कामधेनूसारख्या योजनेतून गाय घ्यायची तर ती दुभती हवी, आणि दुभती म्हणजे बादली भरणारी. श्वेतकपिला दिवसाला सरासरी पावणेतीन लिटर देते, चांगली निघाली तर साडेतीनच्या जवळ जाते, आणि एका वेतात पाचशे लिटरच्या आसपास. या परीक्षेत ती दर वर्षी नापास होणार हे ठरलेलंच आहे. जात म्हणून तिला एका हातानं प्रमाणपत्र द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तिला गोठ्याबाहेर काढणारी योजना चालवायची, हे किती दिवस चालणार?

पणजीत बसून कागद लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ही गाय फोटोतच पाहिली असेल, म्हणून थोडं सांगतो. नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. पापण्यांचे केससुद्धा पांढरे, नाहीतर फिकट तांबूस. चेहरा सरळ, वशिंड बेताचं, अंगकाठी आटोपशीर. पावसाळ्यात जांभ्याच्या ज्या शेवाळलेल्या उतारावर माणूस काठी टेकत उतरतो, तिथून ती चरत चरत खाली येते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने कुणाचंच अंग धड वाळत नाही. अशा हवेत बाहेरून आणलेल्या थोराड गाईचे खूर कुजतात, कास सुजते, गोचीडताप येतो. मग डॉक्टर, इंजेक्शनं, पंखा, रबराची चटई. गावठी गाईला यातलं फारसं काही लागत नाही. तिच्यावर होणारा खर्च इतका कमी, की हिशेबाच्या वहीत तिचं पान कोरंच राहतं. तुमच्या योजनांच्या तक्त्यात मात्र 'न झालेला खर्च' असा रकानाच नाही.

तिचं वर्ष कसं जातं ते बघा. जूनमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हिरवी लव धरते. सड्यावर मातीचा थर कुठं चार बोटं, कुठं वीतभर. गवत आखूड आणि बारीक, पण गुरं त्यावर तुटून पडतात. खाली मळ्यांत सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात उभं असतं, म्हणून कळप वरच ठेवायचा. घराघरांत राखणीची पाळी लावलेली. दुपारी सगळी गुरं गोठणीवर येऊन टेकतात, रवंथ करतात, आणि ज्याची पाळी असेल तो डोक्यावर खोळ घेऊन दगडावर बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की गुरं मळ्यांत उतरतात, खुंट खातात, जागोजागी शेण टाकतात. त्याच ओलीत पुढं वायंगण, म्हणजे हिवाळी भात, उभं राहतं. डिसेंबरनंतर सडा पिवळा पडतो. मग रानकडेचा झाडपाला, मोरडीवरचं, म्हणजे उंचावरच्या जमिनीतलं, काहीबाही. मार्च ते मे काजूच्या बागा. झाडाखाली पडलेली बोंडं खाऊन आलेली गाय संध्याकाळी दारात उभी राहिली की तिच्या तोंडाला आंबूस गोड वास येतो, आणि घरातली म्हातारी माणसं थट्टेनं म्हणतात, हिनं पण घेतलीन वाटतं. वरून लागतं ते भाताचं गवत, कोंडा-कण्यांचं आंबोण आणि उरलेली पेज. घाटापलीकडून ट्रकनं येणाऱ्या कडब्यावर आणि पोत्यातल्या पशुखाद्यावर तिचं पोट अवलंबून नाही. गोव्यातली बाकीची गोपालनाची इमारत त्याच ट्रकवर उभी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तिचा दुसरा उपयोग. ही गाय कधीच नुसती दुधासाठी नव्हती. तिचे खोंड पुढं बैल व्हायचे आणि डोंगरउतारावरच्या पायरीएवढ्या शेतात, जिथं मोठ्या बैलाला वळतासुद्धा येत नाही, तिथं चिखलात गुडघाभर उतरून नांगर ओढायचे. पॉवर टिलर आला आणि बैलाचं काम गेलं. त्याबद्दल मी रडत नाही. चिखलात दिवसभर नांगरामागं चालणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा, ते टिलरला शिव्या देणार नाहीत. पण बैल गेला तरी शेण राहिलं, आणि कुळागर शेणावर जगतं. माझ्याकडे पोफळी, माड, मिरवेली आणि केळी अशी जुनी बाग आहे. गोठ्यात रोज वाळका पातेरा पसरायचा, गाईनं रात्रभर तो तुडवायचा, मुतानं भिजवायचा, सकाळी ओढून खड्ड्यात टाकायचा. वर्षभरात जे काळं भुसभुशीत खत होतं ते पोफळीच्या बुंध्याशी जातं. गाय काढून टाकलेल्या शेजाऱ्यांना हेच खत आता विकत घ्यावं लागतं, तेही वेळेवर मिळालं तर. सेंद्रिय शेतीच्या योजना एका खात्यात आणि गाय दुसऱ्या खात्यात, त्यामुळे सरकारी हिशेबात या दोघांची कधी गाठच पडत नाही. शेणाच्या टोपलीला प्रोत्साहन का नाही?

दुधाचंही नीट पाहू. गावठी गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचं, त्यानं दोन-चार ढुशा मारल्या की कास भरते, मग वासराला बाजूला धरायचं, तेही गाईच्या डोळ्यांसमोर, आणि चरवी गुडघ्यांत धरून बसायचं. एक सड वासरासाठी ठेवायचा हा जुना रिवाज. यात वेळ जातो. मशीन लावता येत नाही. सकाळी लिटर-दीड लिटर निघालं, त्यातलं चहाला आणि पोरांना गेलं, तर संस्थेच्या कॅनपर्यंत पोहोचायला उरतं काय? आमच्या शेजारच्या काकीला मी एकदा म्हटलं, सभासद का होत नाही? ती म्हणाली, "बाबा, एक लिटर दूद घेवन डेरीर कोण वता?" काकीचं बरोबरच आहे. संस्था खाली हमरस्त्यावर, तिचं घर वर. एका लिटरासाठी तेवढं उतरायचं आणि परत चढायचं हे कुठल्याच भावात बसत नाही. म्हणजे तिच्या गाईचं दूध कुणाच्या आकड्यात येत नाही, आणि आकड्यात न आलेल्या गाईला प्रोत्साहनही नाही.

त्याच दुधात फॅट पाचच्या वर असतं. तुपाचा हिशेब केला तर वीसेक लिटरात किलोभर तूप निघावं. म्हणजे एका गाईचं सगळं दूध विरजणाला लावलं तर आठवड्याला एक किलोच्या आत-बाहेर. दुधाच्या टँकरपुढं हे काहीच नाही, पण सात-आठ घरांनी मिळून लोणी गोळा केलं तर शहरात हातोहात खपेल असा माल होतो. घट्ट दही, ताक, तूप, आणि सोबत शेणखत. डोंगरावरून रोज दूध खाली न्यायची गरजच उरत नाही. हे करायला शीतकरण केंद्र नको. दहा-बारा बायकांचा बचतगट, घुसळायला एक साधन, तपासणी, परवाना आणि बाटलीवर खरं नाव एवढंच लागतं. बाटलीवर 'ए-टू' (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) मात्र लिहू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या दोन अक्षरांनी देशी गाईच्या नावावर जो बाजार मांडलाय, त्यात गाईचा फायदा कमी आणि जाहिरातवाल्यांचा जास्त. तूप चांगलं असेल तर लोक पुन्हा मागतील.

माप बदललं की काय होतं याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण फ्रान्सच्या सावोय भागातलं आहे. आल्प्सच्या उंच कुरणांवर चरणारी तिथली तारांतेज ही जुनी गाय दूध आणि मांस अशा दोन्हींसाठी पाळली जाते. तिची वंशनोंदवही १८८८ पासून आहे. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर जातो, थंडीत खाली येतो. आमची गुरं पावसात सड्यावर आणि कापणीनंतर मळ्यांत, तसंच काहीसं. मोठ्या दुधाळ जातींपुढं तीही हरलीच असती. पण त्या लोकांनी आपल्या डोंगरातल्या बोफॉर या चीजला (तोफांशी याचा काही संबंध नाही) १९६८ मध्ये कायद्यानं संरक्षित नाव मिळवलं आणि पुढं नियम घट्ट केले. दूध तारांतेज आणि आबोंदांस या दोनच डोंगरी जातींच्या गाईंचं हवं. मुरवलेला ओला चारा, म्हणजे सायलेज, चालणार नाही. आणि गंमत म्हणजे कळपाचं दूध गाईमागं वर्षाला सरासरी पाच हजार किलोच्या वर जाता कामा नये. ऐकलंत? तिथं जास्त दूध काढलं तर माल नियमात बसत नाही. दुधाला वरून मर्यादा घातली आणि गाय वाचली, शेतकरीही डोंगरातच राहिला. कारण त्यांनी भाव डोंगराला लावला, लिटराला नाही.

आपल्याकडेही अशी नावं मिळवायची सवय आता लागली आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. पुढं खोल्याची मिरची आली, मानकुराद आंबा आला, बेबिंक ही मिठाईही आली. मग गावठी गाईच्या तुपाचा अर्ज कुणी का करू नये? अट मात्र सावोयसारखी घाला : गाय नोंदलेली श्वेतकपिलाच हवी आणि वर्षातले ठराविक महिने ती उघड्यावर चरलेली हवी. नाहीतर नाव आमच्या गाईचं आणि डब्यात बाहेरचं तूप, असं व्हायला वेळ लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट : रेतन. गाय माजावर आली की तिला भरवायला गावात आता वळू शोधावा लागतो, कारण वळू पोसायचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न आहे. मग फोन जातो, माणूस येतो, त्याच्या नायट्रोजनच्या पिंपात गोठवलेल्या रेताच्या ज्या कांड्या असतील त्यातली एक वापरली जाते. माझ्याच गोठ्यातल्या एका लहानखुऱ्या पहिलारू गाईला असंच थोराड जातीचं रेत दिलं गेलं. कुणी दिलं ते इथं लिहीत नाही, कारण तो माणूस बिचारा पिंपात होतं तेच वापरत होता. वासरू मोठं निघालं, आडलं, दोरी लावून ओढावं लागलं. गाय वाचली, वासरू नाही. असं दर वेळी होत नाही हे खरं. पण जिथं वासरू जगतं, तिथंही पुढच्या पिढीत पांढरा रंग, आटोपशीर देह आणि तो कणखरपणा कुठं राहतो? दोन पिढ्यांत जात पुसली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

'देशी'च्या नावाखाली होणारी चूकही यातलीच. आता लोकांना देशी गाय हवी असते, म्हणून गीर आणि साहिवाल आणतात आणि गावठी गाईला त्यांचं रेत देतात. गीर सुंदर गाय आहे यात वादच नाही. पण ती सौराष्ट्रातली, कोरड्या हवेतली. आमच्या पावसात तिलाही पंखा आणि पोत्यातला खुराकच लागतो. श्वेतकपिलेच्या पोटी गीरचं वासरू घालणं हे जर्सीचं घालण्याइतकंच तिला संपवणं आहे, फक्त त्यावर कुणी आक्षेप घेत नाही एवढाच फरक. राष्ट्रीय गोकुळ मिशन डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं ते देशी जाती जपायला. त्यातला पैसा गोव्यात आला तर तो गोव्याच्या जातीवर आधी लागला पाहिजे, हे मागणं फार मोठं नाही.

आणि असं करता येतं. केरळात वेचूर ही चिमुकली गाय जवळजवळ संपली होती. १९८९ मध्ये मन्नुथीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापिका डॉ. शोशाम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव उरलेली जनावरं शोधली आणि विद्यापीठात कळप उभा केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं शोधावं लागलं. आपल्याकडे अजून शोधायची वेळ आलेली नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथल्या गावांत संध्याकाळी वाटेवर उभे राहिलात तर पांढरी गुरं अजून घरी येताना दिसतील. हीच वेळ आहे.

जमिनीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. गाय वाचवायची तर ती चरणार कुठं? खाणपट्ट्यात आधी गुरं गेली आणि दारात ट्रक आले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लीज रद्द केल्या, ट्रक गंजले. पण विकलेली गुरं आणि खणलेला सडा परत आला नाही. बाकीच्या सड्यांवर आता प्लॉट पडतायत. पावसाळ्यात चार महिने फुलणारा तो दगड पंचायतीच्या आणि बिल्डरच्या लेखी 'ओसाड' असतो. गोठणींचं तर विचारूच नका. कागदावर, म्हणजे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, गोठण म्हणून कुठं काही लिहिलेलं नसतं. जागा कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, असते नाहीतर कुणा भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि एक दिवस तिथं कुंपण पडतं. आडवायला कुणाकडे कागद नाही. जैवविविधता कायद्याखाली पंचायतींत समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्या वह्यांत बेडूक आणि ऑर्किड आली, फार चांगलं झालं. आता गोठणी, चराईच्या वाटा आणि गुरांची तळी यांचीही नोंद करा, सर्वे नंबरासकट. ग्रामसभेत ठराव घ्या. निदान भांडायला एक कागद तरी हाती राहील.

रानाचा प्रश्न आणखी अवघड. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले. वाघानं गुरं मारल्यावर विष घातल्याचा तो प्रकार होता, आणि एका गवळी कुटुंबातल्या माणसांना अटक झाली. वाघ मारण्याचं समर्थन मी करणार नाही, कुणीही करू नये. पण ज्याची दुभती गाय गेली त्याला भरपाईचा पैसा त्याच आठवड्यात मिळाला असता, आणि तो मिळणार याची खात्री आधीपासून असती, तर? भरपाई बाजारभावानं धरता तेव्हा गावठी गाईची किंमत पुन्हा लिटरातच होते आणि हातात तुटपुंजी रक्कम येते. तिचं शेण, तिची पुढची वासरं यांचा काही हिशेब त्यात नाही. दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं होणार नाही. २०१५ पासून सत्तरीत माकडताप आहे आणि रानात चरणारी गुरं गोचिडी घरापर्यंत आणतात. मोकळी चराई म्हणजे वाट्टेल तिथं, वाट्टेल तेव्हा चराई, असं माझं म्हणणं नाही. कुठल्या महिन्यात कुठल्या भागात गुरं जाऊ नयेत हे आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ठरवावं, गोचीडनाशक फवारणी मोफत करावी. नुसती बंदीची पाटी लावली तर लोक गुरं विकतात, दुसरं काही होत नाही.

विकतात किंवा सोडून देतात. महामार्गावर पावसात बसलेली गुरं बघून तुम्ही आम्ही सगळेच वैतागतो. डांबर कोरडं असतं, वाऱ्यानं माश्या कमी बसतात, म्हणून ती तिथं बसतात. अपघात होतात, माणसं मरतात, गुरं मरतात. पंचायत त्यांना उचलते, गोशाळेत नेते, आणि तिथल्या प्रत्येक जनावराच्या चाऱ्यावर सरकारी पैसा जातो. म्हणजे गाय गोठ्यात होती तोवर तिच्यासाठी एक रुपया नव्हता. ती रस्त्यावर आल्यावर मात्र तरतूद निघाली. हा पैसा थोडा आधी, गोठ्याच्या दारातच द्या ना. खोंडांचा प्रश्न त्यात सर्वांत मोठा, कारण बैलाचं काम संपल्यावर खोंड कुणालाच नको. त्यातले निवडक वळू म्हणून गावाला पोसायला द्या, बाकीच्यांचं वेळेवर खच्चीकरण करा आणि शेणखतासाठी कुळागरवाल्यांना सांभाळायला द्या, वर्षाच्या मानधनासह.

मला काय हवंय ते आता सरळच सांगतो. गुरांच्या कानात तुम्ही बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारताच. त्या नोंदीत जातीच्या जागी 'गावठी' किंवा नुसतं 'अवर्णित' न लिहिता, तपासून, श्वेतकपिला असं लिहा. अशा नोंदलेल्या गाईला तिनं किती दूध घातलं हे न विचारता वर्षाचं ठराविक मानधन द्या, आणि शुद्ध जातीची कालवड झाली, ती वर्षभर जगली, तर त्यावर वेगळं. दूध संस्थेचं सभासद असण्याची अट काढा. काकीसारख्या बायकांना त्या अटीनंच बाहेर ठेवलंय. कांड्यांच्या पिंपात श्वेतकपिलेच्या कांड्या प्रत्येक तालुक्यात, मागितल्या की मिळतील अशा ठेवा, आणि गावठी गाईला दुसरं रेत देण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या. चार-पाच गावांत मिळून एक वळू ठेवा, दर तीन वर्षांनी तो दुसऱ्या गटात पाठवा, म्हणजे रक्त फार जवळ येणार नाही. जास्त दूध हवं असणाऱ्यांनी संकरित गाई जरूर पाळाव्यात, फोंड्यात आणि बार्देशात सपाट जागा आहे, चारा आणायला रस्ते आहेत. राज्याला लागणारं बरंचसं दूध आज महाराष्ट्र-कर्नाटकातून येतं. ते कमी व्हावं असं मलाही वाटतं. पण सत्तरीच्या डोंगरातली दोन-तीन गुरं पाळणारी घरं ही तूट भरून काढणार नाहीत. त्यांच्याकडून जे मिळण्यासारखं आहे ते वेगळं आहे, त्याचा वेगळा भाव करा.

खर्च किती येईल असं वित्त खातं विचारेल. तो काढायला आधी गाई मोजायला हव्यात, आणि मोजणीचं काम कानातल्या बिल्ल्यांनी अर्धं झालेलंच आहे. पुढच्या अर्थसंकल्पाआधी निदान सत्तरी आणि सांगे या दोन तालुक्यांत ही नोंद पुरी करून आकडा विधानसभेत ठेवा. आमचे आमदार प्रश्न विचारायला तयार असतील तर कागद पुरवायला आम्ही आहोत.

आपला,
सत्तरीतला एक कुळागरवाला

ता. क. : दिवाळीतल्या गोरवांच्या पाडव्याला गाईंच्या गळ्यात माळा घालून फोटो काढायला पाहुणे येतातच. या वर्षी येताना सोबत बिल्ले मारणारा माणूस आणि नोंदवही आणलीत तर त्या एका सकाळी आमच्या वाड्यावरची सगळी गुरं एकाच ठिकाणी, न्हाऊन-माखून, बांधलेली मिळतील.